मुंडावळी कोणी बांधायची

वाशीम, ता. २० जानेवारी १९३५

चि. गोजरास अनेक आशीर्वाद.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याची लाज वाटते. तू रेल्वेने दोनदा वांगी पाठवलीस, एकदा ओला हरभरा पाठवलास. आम्ही सगळे खाल्ले आणि पोचदेखील लिहिली नाही. शाळेच्या परीक्षा होत्या असे लिहिणार होतो, पण परीक्षा काही दिवाळीपासून आजवर चालत नाहीत. खरे कारण असे की तुझे यजमान गेले त्या वर्षी मी तुला म्हणालो होतो, पंचफुलाचे लग्न जमवणे माझ्याकडे लागले. ते जमेपर्यंत तुला काय लिहावे, हे सुचत नव्हते.

आता जमले आहे. शेलूबाजारचे दौलतराव आपल्याच समाजाचे. त्यांचा मळा आहे, थोडी संत्री आहेत. मुलगा बापू मराठी सातवी पास आहे आणि बोलायला सरळ आहे. दौलतराव सत्यशोधक सभांना जातात. लग्न वैशाखात आणि ब्राह्मणाशिवाय लावायचे, हे त्यांनीच आधी काढले. मी विचारले, विधी कोणी ठरवायचे? तर म्हणाले, "तुमी बसवा मास्तर. तुमी बी.ए. झाले, आमी टाळ्या वाजवतो."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी विधी बसवतो आहे. कन्यादान काढले. मुलगी ही दान देण्याची वस्तू नव्हे. अंतरपाटही नको, ज्यांनी एकमेकांना पाहिले त्यांच्यामध्ये पडदा कशाला? त्याऐवजी दोघांनी मराठीत, सर्वांना ऐकू जाईल अशी शपथ घ्यावी. तुझ्या विहिरीचे आणि त्यांच्या विहिरीचे पाणी एका घागरीत घालून त्या पाण्यावर आंब्याचे रोप लावावे. हार आणि मुंडावळ्या ठेवल्या आहेत. फुले तर आपल्या घरचीच. मुलीच्या मागे मामा उभा राहतो तेही ठेवले आहे. ते मात्र तर्काने ठेवले की मलाच उभे राहायची हौस आहे म्हणून, हे नक्की सांगता येत नाही.

तुझी वहिनी हौसा म्हणते, "एकांदं तरी असं ठेवा, जे आलेल्या लोकाईले समजीन." तुला यात काय घालावेसे वाटते ते लिही. तुझ्या मुलीचे लग्न आहे.

तुझा दादा,
उत्तम

*

जऊळका, ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास गोजराचा नमस्कार.

पत्र पावलं. दोनदा वाचलं, मंग पंचफुलाले वाचाले देलं. ती शपथेपर्यंत वाचून पळाली.

दादा, झाड लावाले लगन कायले पाह्यजे? मी रोज झाडंच लावतो. पाहुने म्हनतीन, इच्या घरी मानूस आला की कामालेच लावते. आन् दोन विहिरीचं पानी एक केलं त शेजारची रंगी मले म्हने, "मंग त्याईचं खारं निघालं त तुमचं गोडं बी बिघडन." तुह्या मनाले वाटते त ठेव. नाव ठेवनारे लाडूलेई नाव ठेवतात.

तू इचारलं मले काय पाह्यजे. कोनी इचारलं नव्हतं म्हनून मी चार दिवस इचार केला. मंग लिहाले बसली.

तुले माहीत हाय, या गावात आन् आजूबाजूले कोनाचंही लगन असो, मुंडावळ्या माह्या हातच्या राह्यत. मोगऱ्याची कळी उमलाच्या आंधी तोडाची आन् अशी गुंफाची की लगन लागता लागता नवरीच्या कपाळावर ती उमलन. हे गेले तवापासून लोकं फुलं माह्याच मळ्यातून नेतात, गुंफून घेतात दुसऱ्या बाईच्या हातून. फुलं चालतात, हात चालत नाही. मी कोनाले काही म्हनत नाही. जगाची रीत हाय, मी बी पाळली असती.

पन पंचफुलाची मुंडावळी मीच गुंफावी आन् मीच तिच्या कपाळाले बांधावी, असं मले वाटते. बाकी तुह्या विधीतलं सारं काढलं तरी मी तोंडातून शब्द काढनार नाही. होत नसन त तसं लिही. मी रागावनार नाही.

वैनीले नमस्कार. हरभरा सरला, आता वांगेच येतीन.

गोजरा

*

वाशीम, ता. ११ फेब्रुवारी

चि. गोजरास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी माझा विधींचा कागद पुन्हा पाहिला. घागर, रोप, शपथ, सगळे सुचले. आईने काय करायचे हे सुचले नाही. समतेवर दरवर्षी भाषण देणाऱ्या माणसाला हे स्वतःहून सुचायला हवे होते.

मी लगेच कागदावर लिहून टाकले : पहिला विधी, मुलीची आई मुलीला मुंडावळी बांधील. निमंत्रणपत्रिकेवरही तुझे नाव पहिले राहील, आणि त्याच्यापुढे 'गं. भा.' असणार नाही.

परवा सर्व्हिस मोटारीने शेलूबाजारला जाऊन आलो. हे ऐकून दौलतराव म्हणाले, "मास्तर, मी सभेत हेच बोलतो. घरात नाही म्हटलं त लोकं जोडे मारतीन." त्यांची आई शेजारी सुपारी कातरत होती. म्हणाली, "मले इचारून राह्यला का सांगून राह्यला?"

"इचारून राह्यलो, माय."

"मंग मले इचार करू दे. इतक्या पिढ्याचं हाय, एका चहात नाही निघत."

तेव्हा त्यांचा निरोप येईपर्यंत थांबावे लागेल. दौलतराव म्हणतात, काळजी नको. मला मात्र ती म्हातारी साधी वाटली नाही. पण तू गुंफायची तयारी कर. अडचण आली तर ती दूर करण्याचे काम माझे.

उत्तम

*

जऊळका, ता. ४ मार्च

ती. दादास गोजराचा नमस्कार.

तुह्यं पत्र आलं त्या दिवशीपासून मी दुपारी बसून गुंफतो. शेवंतीचे फुलं सरत आले तरी त्याच्यावरच हात बसवतो. पयल्या दिवशी गाठ सैल आली. पंचफुला हासन म्हनून वाट पाह्यली, पन ती उठून पान्यावर गेली. पोरगी आजकाल लय गप राह्यते. लाजत असन. सासरचं नाव काढलं की ओठ चावते. मी तिले म्हनतो, "अवो, मी मुंडावळी बांधीन तवा मान सरळ ठेवशीन, नाहीत तिरपी बसन." त खाली पाहते.

म्हातारीचा निरोप आला का? तिले म्हना, मी हात धुऊन, नवं लुगडं नेसून येईन. पांढरं त पांढरं, पन नवं.

पंचफुलाले लुगडे घ्याले तुमच्याकडे पाठवतो. वैनीच्या पसंतीचं घेजा. मी आली त दुकानदार मलेच इचारतीन, घेनार कोन.

सोमवारच्या गाडीनं येईन ती.

गोजरा

*

वाशीम, ता. १७ मार्च

चि. गोजरास आशीर्वाद.

पंचफुला चार दिवस राहून काल परत गेली, ती पोचली असेल. लुगडी चांगली मिळाली. गाडीत बसताना तिचे डोळे लाल होते. तिचे डोके दुखत होते.

दौलतरावांच्या आईचा निरोप आला. लिहायला वाईट वाटते, पण त्या नाही म्हणतात. म्हातारे माणूस आहे. दौलतरावांनी समजावून पाहिले. अधिक ताणले तर सोयरीकच अडचणीत येईल असे मला दिसते, आणि पत्रिका छापायला गेल्या आहेत. मुंडावळी हौसा बांधील. पत्रिकेवर तुझे नाव पहिलेच आहे, ते मी बदललेले नाही. शपथेच्या आधी समई तू लावावीस असा एक विधी घालता येईल. त्याला कोणाची हरकत नसेल.

अडचण दूर करण्याचे काम माझे, असे मी लिहिले होते. ते झाले नाही.

याबद्दल दौलतरावांकडे तू काही बोलू नयेस हे बरे.

उत्तम

*

जऊळका, ता. २४ मार्च

ती. दादास गोजराचा नमस्कार.

बरं.

एकच नवल वाटते. त्या म्हातारीचा मालक दौलतरावच्या लगनाच्या आंधीच गेला, असं रंगी सांगत होती. तिले बी पोराच्या लगनात कोनी पुढं होऊ देलं नसन. तिले त समजाले पाह्यजे होतं. का तिले वाटलं, मले भेटलं नाही ते इले कायले? असू दे. पोरीले तिच्या घरात राहाचं हाय, म्हातारीचं मन कायले मोडाचं.

समई नको. समई कोनीही लावते. मी रांधनाकडे पाहीन. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडलं त तुह्या सत्यशोधक लोकाईले सत्य लवकर सापडन.

तू जिवाले लावून घेऊ नको. तुह्या पत्रावरून तू जेवत नाही असं वाटते. पंचफुला बी नीट जेवत नाही. मामाभाची सारखेच.

गोजरा

*

जऊळका, ता. २२ मे

ती. दादास गोजराचा नमस्कार.

लगनाले पंधरवडा झाला. तुले लवकरच लिहाचं होतं. हात चालला नाही.

लगन साजरं झालं. तुह्या शपथा चुलीपर्यंत ऐकू आल्या. पंचफुलाचा आवाज बापूपेक्षा मोठा होता, बायका तोंडाले पदर लावून हासल्या. वैनीनं मुंडावळी नीट बांधली, मी दाराच्या फटीतून पाह्यली. मोगरा जरा आंधीच उमलला, पन ते कोनाले दिसलं नसन.

आता जे लिहाचं हाय ते लिहितो. पंगत उठल्यावर दौलतरावची माय चुलीकडे आली. मी तिच्याशी बोलाचं नाही असंच ठरवलं होतं. ती आली आन् माह्या पुढ्यात पाटावर बसली. मले म्हने, "काहून व माय, तू बांधली नाही?"

मी म्हटलं, "तुमीच नाही म्हटलं न."

"मी?" तिचं तोंड उघडंच राह्यलं. "मी त महिन्याभरात सांगून पाठवलं, बांधू दे म्हना. माह्या दौलतच्या लगनात मी अशीच चुलीपाशी होती. म्हटलं, एकीनं तरी बांधावं, आपून पाहावं. मी त तेच पाहाले लवकर आली होती. मंग तुह्या वैनीनं बांधली. मले वाटलं, तूच भेली."

मी तिले म्हटलं, हो, मीच भेली. दुसरं काय म्हनू? माह्या दादानं खोटं लिहिलं म्हनू?

दादा, तू लहानपनापासून खोटं बोलत नाही. आंब्याची चोरी बी तू बाबाले जाऊन सांगितली होती, मार मीच खाल्ला. मंग आताच काहून बोलला? शाळेतल्या लोकाईले भेला? का वैनीले बांधाची हौस होती? तसं असन त तसं लिही, मले चालन. मी रोज एकाएकाचं नाव घेतो आन् सोडतो. आता कोनाचंच राह्यलं नाही. जे राह्यलं ते घ्याले मन होत नाही.

खरं लिही.

गोजरा

*

वाशीम, ता. ३० मे

चि. गोजरास आशीर्वाद.

हौसाचा काही दोष नाही. मुंडावळी बांधायला ती तयारच नव्हती, मी तिला गळ घातली. शाळेचाही नाही, म्हातारीचाही नाही. त्या बाईवर नकार मीच घातला.

पंचफुला लुगडी घ्यायला आली तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी हौसा बाजारात गेली होती. पोर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "मामा, मुंडावळी आईनं बांधू नये."

मला वाटले, कोणा शेजारणीने कान भरले असतील. मी तिला बसवले आणि समजावले. हाताला शकुन-अपशकुन नसतो, माणसे तापाने मरतात, सापाने मरतात, मुंडावळीने मरत नाहीत. तुझ्या वडिलांच्या लग्नात सगळे विधी यथासांग झाले होते, तरी ते गेलेच. हे सगळे मी नीट, क्रमाने सांगितले. वर्गात सांगतो तसे.

तिने पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमी म्हनता ते खरंच असन मामा. पन नसलं त?"

मी म्हणालो, असे कसे होईल?

"तुमचं खोटं निघालं त तुमी पुस्तक बदलान. मी काय करू?"

मी विचारले, तुझा आईवर जीव नाही का? तेव्हा ती रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "बाबा गेल्यावर मीच त तिच्याजवळ होती. तिले हळदीतून उठवताना मी पाह्यलं. तिनं भरलेली ओटी एका बाईनं तिच्यासमोर खाली ओतली, ते मी पाह्यलं. मले तिच्यासारखं जगता येनार नाही मामा. मले लय भेव वाटते. तिले सांगू नका. दुसऱ्या कोनाचं नाव सांगा."

गोजरा, तिची भीती कोण्या पोथीतून आलेली नव्हती. तुझे जे हाल झाले ते पाहून आलेली होती. ते हाल थांबावे म्हणून तर हे विधी लिहायला बसलो होतो. आणि तीच मुलगी मला म्हणत होती की मला वाचवा.

मी काय करायला हवे होते? तुझा हक्क होता. पण कपाळ तिचे होते. घाबरलेल्या मुलीच्या कपाळाला तिच्या मर्जीविरुद्ध माझी सुधारणा बांधायची, तर जुन्या लोकांत आणि माझ्यात काय फरक राहिला? असे मी तेव्हा मनाला सांगितले. आता वाटते, हेही सोयीचे असेल. तुला खरे लिहून, तुम्ही मायलेकी बोला, असे म्हणता आले असते. ते मी केले नाही, कारण तिने वचन घेतले होते, आणि कारण तुझे पत्र, पांढरे त पांढरे पण नवे, माझ्या टेबलावर होते. यातले कोणते कारण खरे, हे मला आजही ठरवता येत नाही.

म्हातारीचा होकार पंचफुला इथे असतानाच आला. मी तो हौसालाही दाखवला नाही.

आता वचनही मोडले आहे. तू खरे मागितलेस म्हणून मोडले. ते तरी बरे केले का, तूच सांग.

उत्तम

*

जऊळका, ता. ८ जून

ती. दादास गोजराचा नमस्कार.

तुह्यं पत्र वाचलं. मी ओळखलंच होतं. पन ओळखनं आन् वाचनं एक नसते.

तू बरं केलं का वाईट केलं, मले सांगता येत नाही. मी तुह्या जागी असती त काय केलं असतं, तेबी सांगता येत नाही. मी रागावली नाही. रागावाले कोनी पाह्यजे न. पोरीवर रागावू? ती त मलेच पाहून भेली. मी रोज हासत राह्यली, कामात राह्यली. वाटलं, पोरीले काही दिसत नसन. तिनं सारं पाह्यलं.

ओटी ओतली ते मी इसरली होती, दादा. खरंच इसरली होती.

आता तुले एक काम सांगतो. पंचफुलाले कधी कळू देऊ नको की मले माहीत हाय. ती इचारीनच. तिचा सभाव मले माहीत हाय, तिले झोप येत नसन. तिले लिही, आई म्हातारीवरच रुसून हाय, तिले दुसरं काही माहीत नाही. तू खोटं लिहाले भेतोस, पन एकदा लिहिलंच हाय. दुसरं पयल्याच्या मांगं चाललं जाईन.

ती आखाडात माहेरी येईन. आली की मी तिले समोर बसवतो, डोक्याले तेल घालतो, कपाळावरून हात फिरवतो. लहान होती तवापासून. आता लगन झालेल्या पोरीच्या कपाळावर हात ठेवू का नको? ठेवला आन् ती आक्रसली त? नाही ठेवला त तिले कळन, आईले माहीत झालं. तू शिकलेला हायेस. हे कसं करतात, कुठं लिहिलं असन त मले कळव.

गोजरा

*

वाशीम, ता. १६ जून

चि. गोजरास आशीर्वाद.

तुझ्या शेवटच्या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. कुठे लिहिलेले नाही. मला स्वतःलाही काही सांगता येत नाही. हात ठेव म्हणालो आणि ती आक्रसली, तर ते तुझ्या मनातून कधी जाणार नाही. ठेवू नको म्हणालो, तर तुझी एवढी एक गोष्टही मीच काढून घेतली असे होईल. हौसाला विचारले. ती म्हणाली, "तवाचं तवा होईन. तिचं डोकं समोर आलं की हात आपोआपच जाईन." ती हे धीर द्यायला म्हणाली. खरे निघेल की नाही, देव जाणे.

म्हातारीची माफी मागायला हवी, पण मागितली की पंचफुलाचे नाव घ्यावे लागेल. तेव्हा तेही करता येत नाही. दौलतराव परवा वाशीमला बाजारात भेटले. म्हणाले, "मास्तर, पुढच्या लगनालेई विधी तुमीच बसवा. लोकं नाव काढून राह्यले." मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते.

तू म्हणालीस तसेच झाले. काल पंचफुलाचे पत्र आले. आधी बापूच्या तब्येतीचे, मग संत्र्याच्या बागेचे, मग सासू चांगली वागवते, आजेसासू जवळ घेऊन जेवू घालते, असे सगळे लिहिले आहे. आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात, "आईले कळलं त नाही न मामा?"

आज तिला उत्तर लिहायला बसलो आणि उठलो. शाळा उद्या उघडते. रोजनिशीत उद्यासाठी एकच काम लिहून ठेवले आहे : पंचफुलाला पत्र टाकणे, आईला काही माहीत नाही.